चुकवून दाखवा, काका

कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे मिलीमीटरबाई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अर्ध्या मिलीमीटरवरून तिने साचे बनवणाऱ्या कारागिराशी असं काही भांडण काढलं, की दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तो साचा दुरुस्त करून घेऊन आला, तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या, मिलीमीटरबाई." नाव चिकटलं ते चिकटलं. मनातून तिला ते आवडायचं, पण तसं तिने कधी तोंडाने कबूल केलं नाही.

कारखाना तसा लहानच. बत्तीस माणसं, एक लांबलचक शेड, आणि मागच्या बाजूला चाचणीची पाण्याची टाकी. तिथे केबल जोडायचे कनेक्टर बनत. एका केबलचं टोक दुसरीला जिथे भेटतं, त्या जागी बसवायची ही मुठीएवढी डबी. उघड्यावर, चिखलात, पाण्याखाली, कुठेही बसवा. आत थेंबही शिरता कामा नये. आणि या सगळ्या डब्यांमध्ये मिलीमीटरबाईचा जीव की प्राण म्हणजे तिने दोन वर्षं खपून बनवलेला नवा कनेक्टर. टाकीच्या तळाशी तो पंधरा दिवस पडून राहिला होता आणि उघडल्यावर आतून कोरडा ठणठणीत निघाला होता. त्याचे सुटे भाग अकरा होते, पण ती ते डोळे मिटून जोडायची.

म्हणूनच त्या सकाळी दारात पोतं येऊन पडलं तेव्हा तिचा आधी विश्वासच बसेना. पोत्यात तिचेच कनेक्टर होते, चाळीसच्या चाळीस. एक उचलून हलवला तर आत पाणी वाजलं. सोबत एक चिठ्ठी होती, जाड पेन्सिलीने लिहिलेली:

"डब्या परत पाठवतोय. मासे पाळायला उत्तम आहेत. वीज जोडायला दुसरं काही असेल तर कळवा. – कारंज्याचा वायरमन."

चिठ्ठी मालकांच्या टेबलावर गेली. मालक सत्तरीचे, सडसडीत, आणि त्यांना म्हणी अर्ध्या सोडायची खोड होती. उरलेली अर्धी ऐकणाऱ्याने मनातल्या मनात पुरी करायची, आणि ती आपल्याला लागू आहे की नाही हेही आपलं आपणच ठरवायचं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "नाचता येईना..."

"अंगण सरळच आहे, साहेब," ती तडकून म्हणाली. "टाकीत एक तरी गळला होता का?"

"म्हणजे वायरमन वाकडा?"

"ते जाऊन बघते."

कारंजं शहराच्या मधल्या चौकात होतं. गोल, दगडी कठड्याचं, चांगलं मोठं. कित्येक वर्षं बंद पडलेलं ते कारंजं आता नव्याने सुरू करायचं घाटत होतं. पाण्याखाली चाळीस दिवे बसवले होते आणि प्रत्येक दिव्याला एक कनेक्टर. दिव्यांना जाणारी वीज मुद्दाम कमी दाबाची ठेवलेली, म्हणजे चुकूनमाकून अंगाला लागली तरी माणसाला काही व्हायचं नाही. पण कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दिवा मात्र मान टाकायचा.

ती पोचली तेव्हा वायरमन गुडघाभर पाण्यात उभा होता. साठीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा, लांब रबरी बूट घातलेला. दोन्ही हातांत केबल आणि तोंडात स्क्रू धरलेले. स्क्रू तसेच दातांत ठेवून त्याने विचारलं, "काय पाहिजे?"

"कनेक्टरच्या कंपनीतून आलेय. तक्रार बघायला."

त्याने स्क्रू तळहातावर काढले. "ऑफिसातल्या का?"

"हो, ऑफिसातलीच." हे काही खोटं नव्हतं. तिचं टेबल ऑफिसातच होतं.

"मग ऑफिसात जाऊन सांगा बाई, ज्याने कोणी हे बनवलंय त्याला, की बाबा रे, एकदा इथे ये आणि पाण्यात उभा राहून जोडून दाखव. अकरा भाग! त्या गृहस्थाला बोटं बारा असणार. आणि त्याची बायको शेजारी बशी घेऊन उभी राहत असणार, एकेक भाग हातात द्यायला. आम्हा वायरमन लोकांना हात तीनच. दोन खांद्याला आणि तिसरा हा, तोंडातला."

मिलीमीटरबाईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तेवढ्यात तिला वाटलं, आता आलोच आहोत तर होऊन जाऊ दे. "काका, मी करून बघू?"

काकांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि जास्तीचे बूट पुढे केले. ते दोन मापांनी मोठे होते. हातमोजेही दिले, कारण पाणी थंड होतं आणि मोज्यांशिवाय बोटं दहा मिनिटांत बधिर व्हायची. ती पाण्यात उतरली. पहिल्याच पावलाला एक बूट तळाच्या शेवाळात रुतला आणि तिला काकांचा खांदा धरावा लागला.

काकांकडे उरलेल्या एका जास्तीच्या कनेक्टरचे अकरा भाग एका हातात मावेनात. तिने काही खिशात घातले, काही कठड्यावर मांडले. मोज्यातून रबरी कडी चिमटीत धरायला गेली तर ती सटकली आणि डुबकन् पाण्यात गेली. काकांनी नुसती दुसरी पुढे केली. मग आली बारीक स्क्रूंची पाळी. तीन वायरी, तीन स्क्रू. जिभेचं टोक दातांत धरून तिने एकेक वायर घट्ट केली. चला, जमलं की! आणि नट लावायला म्हणून तिने हात पुढे केला, तर नट डाव्या मुठीतच होता. तो सगळ्यात आधी केबलमध्ये ओवायला हवा होता. आता केबलचं एक टोक दिव्यात, दुसरं स्क्रूंमध्ये, आणि नट बाहेर.

दोन वर्षं तिने तो नट कागदावर काढला होता. त्याचे आटे तिला तोंडपाठ होते. आणि तोच ओवायला ती विसरली होती.

काका आभाळाकडे बघून शीळ घालायला लागले.

"हे... असं नेहमी होतं?" तिने विचारलं.

"दिवसातून एकदा तर ठरलेलं. मग सगळं सोडा, पुन्हा जोडा. तीनदा सोडलं की चौथ्यांदा माणूस नटाला हात जोडतो, वरून चिकटपट्टी गुंडाळतो आणि पुढच्या दिव्याकडे जातो."

ती तशीच उभी राहिली. बुटात पाणी शिरलं होतं. आणि मग कोण जाणे कसं, तिला हसू फुटलं. आधी खुदकन्, मग आवरेना असं. "काका," ती कशीबशी म्हणाली, "ते बारा बोटांचे गृहस्थ म्हणजे मीच."

काकांची शीळ थांबली. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, सावकाश मोजल्यासारखं केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दहाच दिसतात." आणि मग तेही असे गडगडून हसले की कठड्यावरची कबुतरं उडाली.

त्यानंतर दोघं कठड्यावर बसून थर्मासातला चहा प्यायले. तेव्हा काकांनी तिला आपली युक्ती दाखवली. सकाळी खोलीत बसून, साबणाचं पाणी लावून, इतर कनेक्टरच्या कड्या नि नट ते आधीच केबलींमध्ये ओवून ठेवत. "टेबलाशी बसून जे होतं ते पाण्यात उभं राहून कशाला करायचं, पोरी? पाण्यात फक्त तेवढंच करावं जे पाण्यातच करावं लागतं." पण या कनेक्टरमध्ये तशी निम्मीच तयारी करता येई. नट आणि उरलेले भाग जागेवरच जोडावे लागत.

बाईचं केव्हाच पोरी झालं होतं, हे तिच्या ध्यानात आलं ते परतीच्या वाटेवर. आणि दुसरी एक गोष्टही ध्यानात आली. टाकीतल्या चाचणीसाठी प्रत्येक कनेक्टर तिने स्वतः जोडला होता. कोरड्या हातांनी, दिव्याच्या उजेडात, खुर्चीत बसून. आपलाच पेपर, आपणच तपासलेला.

दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे उभी राहिली. "साहेब, हा कनेक्टर मोडीत काढायचा. नवा करायचा. जागेवर जोडणाऱ्याच्या हातात सुटा भाग एकही जायला नको."

"एकही नाही?"

"बरं, दोन. त्याहून एक जास्त नाही."

"अति तिथं..." मालक म्हणाले. पण म्हणताना त्यांनी कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून तिच्यासमोर ठेवला, त्यावरून तिने काय ते ओळखलं.

पुढचे दोन महिने तिला ना जेवणाची शुद्ध ना कशाची. साचेवाल्या कारागिराशी पुन्हा भांडणं झाली, पण ती आता खेळीमेळीची. कनेक्टरचं अंग म्हणजे एक नळी. तिच्या मागच्या टोकाला नट कारखान्यातूनच बसवलेला, फिरेल पण निघणार नाही असा. त्याच्या पोटात रबरी कडी आधीच घातलेली. म्हणजे ओवायचं विसरायला काही उरलंच नाही. केबल मागून आत घालायची आणि पुढून बाहेर काढायची. तिच्या तीन वायरी गाभ्याच्या, म्हणजे नळीत बसणाऱ्या दुसऱ्या भागाच्या, तीन भोकांत नुसत्या दाबायच्या. आतली स्प्रिंग त्यांना आपली आपण धरते, स्क्रू नाहीत. मग केबल मागे ओढायची, की गाभा नळीत जाऊन बसतो आणि टक् असा आवाज येतो. शेवटी नट पिळायचा. नटाखाली एक लाल पट्टा होता. नट पूर्ण आवळला की तो झाकला जाई. लाल दिसतंय तोवर काम अपुरं, एवढं कोणालाही समजण्यासारखं.

पहिले सहा नमुने हातात आले त्या संध्याकाळी ती ते घरी घेऊन गेली. घरी नवरा आणि सासूबाई. नवरा पोहायला शिकवायचा. त्याच्या अंगाला कायम तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास. सासूबाई इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीला सात वर्षं उलटली तरी घरातल्या प्रत्येकाला त्या अजून वॉर्डातच असल्यासारख्या वागवत.

"सूनबाई, हे काय ताटाशेजारी?"

"कनेक्टर आहेत, आई. हातमोजे घालून तुम्ही एक जोडून बघाल?"

"आधी जेव. मग बघू." पण जेवण होताच त्यांनीच भांडी घासायचे मोजे चढवले, काही न विचारता चार मिनिटांत कनेक्टर जोडला आणि वर म्हणाल्या, "यात काय अवघड आहे? उगीच दोन महिने झोप मोडून घेतलीस."

नवऱ्याने सहाही नमुने दुसऱ्या दिवशी तलावावर नेले. प्रत्येकात टीपकागदाचा तुकडा होता आणि त्यावर शाईचा एक ठिपका. ओल लागली की ठिपका पसरणार. तलावाचा तळ म्हणजे तिच्या टाकीच्या तिप्पट खोल. आठ दिवस ते तळाशी राहिले. नवव्या दिवशी त्याच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी बुड्या मारून ते वर काढले, आणि तिने तिथेच, ओल्या लादीवर मांडी ठोकून ते उघडले.

तीन कोरडे. तीन ओले.

नवरा टॉवेलने कान पुसत तिच्या शेजारी बसला. "निम्मे पास झाले की."

"निम्मं पास होणं पोहण्यात चालतं का रे?"

"नाही," त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. "निम्मा पोहणारा बुडतोच."

तिने गळलेल्यांपैकी एकाची रबरी कडी काढली आणि उजेडात धरली. कडीवर साच्याच्या सांध्याची एक बारीक रेघ असते, सरळ उभी. इथे ती रेघ तिरकी झाली होती, पिळलेल्या कपड्यावरच्या सुरकुतीसारखी. ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याच्या हातातला टॉवेल घेतला, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि पिळला.

"अगं, काय करतेस?"

"नट फिरतो ना, तेव्हा तो कडीलाही आपल्याबरोबर ओढतो. कडी दाबली जायला हवी, ती पिळली जातेय! पिळली की सुरकुती, सुरकुती पडली की वाट, आणि वाट मिळाली की पाणी." ती उठून उभीच राहिली. "मधे काहीतरी गुळगुळीत हवं. नट फिरला तरी कडी जागची हलता कामा नये."

उपाय सापडला तो अगदी साधा. गुळगुळीत प्लॅस्टिकची एक पातळ चकती, नट आणि कडीच्या मधे. ती नटाच्या पोटात कारखान्यातच अडकवून टाकायची, म्हणजे जोडणाऱ्याला तिचा पत्ताही लागायचा नाही. पुढच्या खेपेला बारा नमुने तलावात गेले आणि बाराही कोरडे निघाले. साचेवाल्या कारागिराने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि त्याने चहा पाजणं ही कारखान्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट होती.

पण आता मिलीमीटरबाईला दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकायची सवय लागली होती. तिने काकांना कारखान्यात बोलावलं. काका धुतलेला सदरा घालून आले. त्यांना टेबलाशी बसवून तिने समोर वीस कनेक्टर मांडले.

"नीट जोडून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. चुकवून दाखवा."

काकांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. आयुष्यभर लोकांनी त्यांना नीट करायला सांगितलं होतं. चूक करायचं आमंत्रण पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. गाभा उलटा घालून पाहिला, जाईना. तिरका घालून पाहिला, टक् होईना. नट अर्ध्यावर सोडला, तर लाल पट्टा डोळ्यांत भरे. शेवटी त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि उलटा गाभा ठोकून आत घातला. नळी फाटकन् फुटली.

"ही चूक धरायची का?"

"हातोडी नाही चालायची, काका!"

"अरेरे," काका हळहळले. "हुकमाचं पान होतं."

एव्हाना भोवती माणसं जमली होती. जो तो म्हणे, मला द्या, मी चुकवतो. गडबड ऐकून मालक बाहेर आले आणि प्रकार कळल्यावर त्यांनी जागच्या जागी फर्मान काढलं: परवा दुपारी कारखान्याचं काम बंद. प्रत्येकाने एक कनेक्टर चुकीचा जोडायचा. सगळे टाकीत जातील. ज्याची चूक बाहेरून दिसणार नाही पण आत पाणी शिरेल, त्याला एक दिवस भरपगारी सुट्टी. घरच्या माणसांनाही आणा, जितके हात तितक्या चुका.

ती दुपार म्हणजे नुसता गोंधळ होता. लांब टेबलं मांडलेली, पाण्याच्या बादल्या, हातमोजे. कोणी एका हाताने जोडतंय, कोणी डोळ्यांना रुमाल बांधून. पॅकिंगमधल्या दोघी बहिणींनी मुद्दाम गप्पा मारत जोडायचा ठरवला, कारण त्यांच्या मते खऱ्या चुका गप्पांतच होतात. मालक पँट दुमडून, बादलीत पाय सोडून बसले. त्यांनी मन लावून गाभा बसवला, टक् आवाज ऐकला, नट आवळला, लाल पट्टा झाकला गेल्याची खात्री केली आणि कनेक्टर विजयाने उंच धरला.

"मालक," कोणीतरी हळूच म्हणालं, "केबल?"

केबल त्यांच्या मांडीवरच होती. शेड हसण्याने दणाणली. मालक इतके हसले की बादली कलंडली.

सासूबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी शांतपणे बसल्या होत्या. त्यांनी एकच कनेक्टर जोडला, पुसून बशीत ठेवला आणि काकांशी गुडघेदुखीवर बोलायला सुरुवात केली. जाईपर्यंत काका त्यांना आक्का म्हणायला लागले होते आणि रोज सकाळी पाय कसे वर-खाली करायचे हे शिकूनही गेले होते.

दोन दिवसांनी टाकी रिकामी केली. सदतीस कनेक्टर. त्यांतले चौदा बाहेरूनच चुकलेले दिसत होते, कुठे लाल पट्टा, कुठे गाभा वर आलेला, आणि ते गळणार हे उघडच होतं. मालकांच्या बिनकेबलीच्या कनेक्टरला तर मागे भोकच होतं. उरलेले बाहेरून निर्दोष. मिलीमीटरबाई एकेक उघडत गेली. कोरडा. कोरडा. कोरडा. मग एकोणीस नंबरचा उघडला, तर शाईचा ठिपका टीपकागदभर फुलासारखा उमलला होता.

तिने यादी पाहिली. एकोणीस नंबरपुढे लिहिलं होतं: मिलीमीटरबाईच्या सासूबाई.

ती फोनकडे धावली. "आई, तुमचा गळला!"

"मग ओरडतेस कशाला? चुकवायलाच बोलावलं होतंस ना?"

"पण केलंत काय तुम्ही? बाहेरून काहीच कळत नाहीये!"

"काही नाही. केबलचं वरचं काळं साल जरा जास्त सोललं."

मिलीमीटरबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साल जास्त सोललं, म्हणजे रबरी कडी गोल केबलीला धरायच्या ऐवजी आतल्या तीन बारीक वायरींना धरत होती. आणि तीन वायरींच्या मधल्या फटींतून पाणी आरामात आत. गाभा बसला, टक् झालं, लाल पट्टा झाकला. सगळं यथासांग, आणि आत तळं.

"आई, तुम्हाला हे कसं सुचलं?"

सासूबाई नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं नवीन पोरींना काम शिकवलं मी. चिकटपट्टी काप म्हटलं की जास्तच कापतात. कापूस घे म्हटलं की मूठभर घेतात. कमी पडेल ही धास्ती. चुकणारा माणूस बावळट नसतो गं, घाबरलेला असतो. तुझ्या त्या काकांच्या हाताखाली उद्या एखादा नवा माणूस येईल, तो जास्तच सोलणार, लिहून ठेव."

तिने खरोखरच लिहून ठेवलं. आणि त्याच दुपारी मालकांकडे जाऊन म्हणाली, "साहेब, नळीचं प्लॅस्टिक पारदर्शक करू या. केबलचं काळं साल कडीच्या पुढपर्यंत आलंय की नाही, ते बाहेरून दिसलं पाहिजे. रंगीत वायरी कडीपाशी दिसल्या की चूक. आणि अंगावरच एक रेघ देऊ, किती सोलायचं त्या मापाची."

मालकांना सुंदर काळे कनेक्टर आवडत. आतल्या वायरी चारचौघांत दिसायच्या म्हणजे त्यांना नागवेपणा वाटे. "झाकली मूठ..." ते कुरकुरले.

"इथे उघडीच बरी, साहेब."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकोणीस नंबरच्या टीपकागदाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बक्षिसाच्या सुट्टीचा प्रश्न निघाला तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडला: "माझी नोकरी संपली, मी सुट्टी घेऊन काय करू? माझ्या सुनेला द्या. दोन महिन्यांत ती एकदाही दिवसाउजेडी घरी आलेली नाही."

पारदर्शक कनेक्टर काकांनी बसवले ते एकाच सकाळी, चाळीसच्या चाळीस. काका म्हणे की हात इतके लवकर मोकळे झाले की पुढे काय करावं तेच कळेना, म्हणून त्यांनी कारंज्याचं शेवाळ घासून काढलं. मग पाणी पूर्ण भरलं आणि आठ दिवस वाट पाहिली. एकाही दिव्याने मान टाकली नाही.

कारंजं सुरू करायचा दिवस ठरला तेव्हा मिलीमीटरबाईने आपली सुट्टी घेतली. सकाळभर लोळली. दुपारी नवऱ्याबरोबर गच्चीत निवांत बसली आणि एकही गोष्ट मोजली नाही. उन्हं कलल्यावर तिघंही चौकात गेली. सासूबाईंनी नवी चप्पल घातली होती. मालक आधीच येऊन उभे होते आणि ओळखीच्या प्रत्येकाला कारंज्याकडे बोट दाखवून काहीतरी अर्धंच सांगत होते.

समारंभ वगैरे काही नव्हता. काकांनी कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीचं दार उघडलं आणि बटण वर केलं. आधी घुमल्यासारखा आवाज झाला. मग मधली धार उठली, घाबरत घाबरत, हातभर, पुरुषभर, आणि एकदम दिव्याच्या खांबाच्याही वर. भोवतीच्या छोट्या धारा तिच्या मागोमाग. आणि पाण्याखाली एकामागून एक चाळीस दिवे लागले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, तरी सगळं पाणी आतून पिवळं झालं. चौकातली माणसं चालता चालता थांबली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि धारेचा फवारा थेट मालकांच्या अंगावर. ते मागे सरले नाहीत. चष्म्यावरून पाणी ओघळत असताना तसेच तोंड वर करून बघत राहिले.

काका कपाळ पुसत तिच्याजवळ आले. "पोरी, माझ्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की बटण दाबताना मी डोळे मिटले नाहीत."

तिने नुसती मान हलवली आणि नाक पुसलं.

कठड्यावर एक अनोळखी बाई येऊन टेकली. बाजारातून येत असावी, दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या. त्या खाली ठेवून तिने मिलीमीटरबाईला विचारलं, "हे बंदच होतं ना हो इतकी वर्षं?"

"हो."

"मग आता काय केलं?"

मिलीमीटरबाईने सांगायला तोंड उघडलं. रबरी कडी, चकती, लाल पट्टा, पारदर्शक नळी, किती सोलायचं त्याची रेघ. पण त्या बाईने तोवर चपला काढल्या होत्या आणि दमलेले पाय सरळ पाण्यात सोडले होते. मिलीमीटरबाईने झटकन् वाकून पाण्यात पाहिलं. पायांपासून वीतभर अंतरावर तिचा कनेक्टर होता, पाण्याखाली स्वच्छ दिसत होता. आत काळं साल, जिथे हवं तिथे. लाल कुठेच नाही.

"आहाहा," ती बाई डोळे मिटून म्हणाली. "गार आहे."

"आहे का?" मिलीमीटरबाईने विचारलं. मग तिने आपले बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या बाईशेजारी बसून दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात सोडले.